वाचणाऱ्याच्या बाजूचं पान



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवत होते. त्यामुळे विषय ठरवायला मला वेळ लागला नाही. हुशार असूनही ज्याला वाचन जमत नाही अशा मुलाबद्दल मी आज बोलणार आहे, आणि त्याहून जास्त, आपण त्याच्यापुढे जे पान ठेवतो त्या पानाबद्दल. मग ते पाठ्यपुस्तकाचं असेल, मोबाइलवरचं असेल किंवा प्रवेश अर्जाचं. मी अक्षरजुळणीच्या आणि पानं लावण्याच्या धंद्यातला माणूस. कार्यपुस्तिका, स्वाध्याय, शाळांची संकेतस्थळं हे माझं रोजचं काम. मुलाच्या मेंदूत काय चालतं हे डॉक्टरांनी सांगावं. पानावर काय चालतं ते मी सांगू शकतो.

या अडचणीचं नाव डिस्लेक्सिया. हा शब्द १८८७ साली जर्मनीतले नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी वापरात आणला, पण तो मोठ्या माणसांसाठी. मेंदूला इजा झाल्यावर ज्यांचं वाचन गेलं त्यांच्यासाठी. मुलांबद्दलचं पहिलं ठळक टिपण १८९६चं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सीफर्ड गावातले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. पर्सी नावाचा चौदा वर्षांचा मुलगा. गणितात तरबेज, खेळात पुढे, आणि स्वतःचं नाव लिहिताना अक्षरांची अदलाबदल करणारा. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकाचं मत मॉर्गन यांनी नोंदवून ठेवलंय. त्या एका मतात पुढच्या सव्वाशे वर्षांचं काम आलं होतं. शिक्षकाला दिसलं होतं की मुलाच्या बुद्धीत काही कमी नाही, अडथळा कागदावर आहे.

पर्सी इंग्रजी वाचत होता, आणि डिस्लेक्सियाबद्दल जगाला जे माहीत झालं त्यातलं बरंचसं इंग्रजी वाचणाऱ्या मुलांवरून झालं. याची किंमत आपली मराठी शाळेतली मुलं मोजतात. इंग्रजीत एकच अक्षर चार ठिकाणी चार प्रकारे वाचलं जातं, म्हणून तिथे डिस्लेक्सिया असलेलं मूल धडाधड चुकतं आणि लगेच नजरेत येतं. ज्या भाषांत लिहिल्यासारखं वाचतात तिथे ते कमी चुकतं, पण फार हळू वाचतं. २००१ साली पाउलेसू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी वाचणाऱ्या डिस्लेक्सिक प्रौढांची तुलना केली. इटालियन वाचक इतरांपेक्षा बरे वाचत होते. पण वाचताना तिघांच्याही मेंदूत डाव्या बाजूच्या त्याच भागात काम कमी होत होतं. अडचण एकच, लिपीप्रमाणे तिचं दिसणं बदलतं.

मराठी या बाबतीत इटालियनच्या जवळ आहे. म्हणून आपल्या वर्गातलं असं मूल ओळ वाचतं, पण बोट ठेवून, प्रत्येक अक्षर सोडवत. ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत ओळीची सुरुवात त्याच्या डोक्यातून गेलेली असते. विचारलं, "काय वाचलंस?" तर सांगता येत नाही. बाईंना वाटतं, वाचता येतंय पण लक्ष नाही. प्रगतिपुस्तकात 'सराव हवा' असा शेरा येतो, घरी 'कंटाळा करतो' असं नाव पडतं. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला निदान तपासायला तरी नेतात. मराठी माध्यमातल्या मुलाची तपासणी करायला मराठीतली चाचणीच बराच काळ हाताशी नव्हती. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या पुढाकाराने 'डाली' ही चाचणी तयार झाली आणि २०१५ साली ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आली, तेव्हा कुठे मराठी मुलाला मराठीतच तपासण्याची सोय झाली.

आता आपल्या लिपीकडे येतो, कारण माझं खरं म्हणणं इथूनच सुरू होतं. मराठी लिहिल्यासारखी वाचतात हे खरं, पण अक्षरं ज्या क्रमाने दिसतात त्याच क्रमाने ती उच्चारली जातात असं नाही. शाळेतल्या मुलाच्या आयुष्यात सतत येणारा एक शब्द घ्या: 'वार्षिक'. त्यातल्या 'र्षि' या एका अक्षराकडे डावीकडून उजवीकडे बघा. आधी दिसते पहिली वेलांटी, मग 'ष', आणि सगळ्यात शेवटी, वर, रफार. उच्चारताना आधी 'र्', मग 'ष्', शेवटी 'इ'. म्हणजे जे लिहिलंय ते नेमकं उलट्या क्रमाने बोलायचं. 'आर्थिक', 'धार्मिक', 'मार्मिक', सगळीकडे हेच. आपल्याला ते जाणवत नाही, कारण आपण तो शब्द अख्खा ओळखतो. ज्या मुलाला शब्द अख्खा ओळखू येत नाही, त्याला ही उलटापालट प्रत्येक वेळी करावी लागते. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांचा देवनागरीवरचा २००२चा अभ्यास हेच दाखवतो: वेलांटी आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते अशा शब्दांवर वाचकाला जास्त वेळ लागतो.

शिवाय अक्षरांची संख्या. नुसती बाराखडी धरली तरी चारशेच्या वर आकार होतात, जोडाक्षरं वेगळीच. एका 'र'ची चार रूपं: 'रथ', 'चक्र', 'ट्रक', 'सूर्य'. 'वऱ्हाड'मधला 'र' धरला तर पाच. बंगळूरच्या सोनाली नाग यांनी कन्नड शाळांत केलेल्या कामातून दिसलं की अशा अक्षरलिप्या पक्क्या व्हायला मुलांना चौथी-पाचवीपर्यंतचा काळ लागतो, आणि हे सगळ्याच मुलांबद्दल. आपण मात्र पहिलीच्या शेवटाला वाचन झालं असं धरून चालतो.

आणि सारखी दिसणारी अक्षरं. इंग्रजी पुस्तकांत बी आणि डी उलटसुलट होण्याचं उदाहरण असतं, ते आपल्याकडच्या शिक्षक-प्रशिक्षणातही तसंच्या तसं सांगितलं जातं. मराठी मुलाच्या घोटाळ्याची ठिकाणं वेगळी आहेत: 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य', 'प' आणि 'ष', 'ब' आणि 'व'. यात 'घ-ध' आणि 'भ-म' ही केवळ डोक्यावरच्या रेघेची आणि छोट्या गाठीची कामं आहेत. अक्षराचा आकार दहा पॉइंट ठेवला, स्वस्त कागदावर शाई पसरली की ती गाठ भरून जाते. मग मुलाने 'धर'चं 'घर' वाचलं तर त्यात मुलाचा दोष किती आणि छपाईचा किती?

पान त्या मुलासाठी सोपं करायचं तर काय करायचं, हा प्रश्न आला की लोक पहिल्यांदा विचारतात, "डिस्लेक्सियाचा फॉन्ट कोणता?" असे फॉन्ट आहेत. हॉलंडच्या ख्रिश्चन बूर यांनी 'डिस्लेक्सी' केला, नंतर 'ओपनडिस्लेक्सिक' आला. अक्षरं बुडाशी जाड, म्हणजे ती मुलाच्या डोळ्यांपुढे फिरणार नाहीत, अशी कल्पना. पण तपासून पाहिल्यावर या फॉन्टमुळे वाचनाचा वेग किंवा अचूकता वाढल्याचं दिसलं नाही. जिथे थोडा फरक दिसला तिथे तो आकारामुळे नव्हता, त्या फॉन्टमध्ये अक्षरं-शब्द जरा सुटे बसतात त्यामुळे होता. रंगीत चष्मे आणि रंगीत पारदर्शक पट्ट्यांचंही तेच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ साली एकत्र निवेदन काढून सांगितलं की या उपायांना शास्त्रीय आधार नाही. हे मी मुद्दाम बोलतोय. आपल्याकडे पालक पोटाला चिमटा काढून अशा गोष्टींवर पैसे घालतात.

मोकळ्या जागेचा उपयोग मात्र होतो. २०१२ साली झोर्झी आणि सहकाऱ्यांनी इटालियन आणि फ्रेंच मुलांना अक्षरांमधलं अंतर वाढवलेला मजकूर वाचायला दिला. सराव नाही, शिकवणी नाही, केवळ अंतर वाढवलं, आणि डिस्लेक्सिया असलेली मुलं अधिक बरोबर आणि अधिक वेगाने वाचू लागली. हा निष्कर्ष जगभर गेला. संकेतस्थळांसाठीचे जे आंतरराष्ट्रीय सुगम्यता-नियम आहेत, त्यांच्या २०१८च्या आवृत्तीत अट आली की वाचकाने अक्षरांतलं, शब्दांतलं आणि ओळींतलं अंतर वाढवलं तर पान मोडता कामा नये.

पण हा नियम देवनागरीवर जसाच्या तसा लावला की काय होतं? अक्षरं सुटी केली की शिरोरेषा तुटते. 'शाळा' या शब्दाचे दोन तुकडे होतात, 'महाराष्ट्र'चे चार. शब्द कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला हे आपला वाचक शिरोरेषेवरून ओळखतो. तीच तोडली तर मुलाला दिलेला आधार आपणच काढून घेतला. ज्या लिपीत एखादं अंतर वापरलंच जात नाही तिथे ते सोडावं, अशी मोकळीक त्या नियमातच आहे, पण तयार सॉफ्टवेअर उचलून पानावर बसवणाऱ्याला ते माहीत नसतं. मराठी संकेतस्थळावर कोपऱ्यात 'डिस्लेक्सिया मोड' असं बटण असतं. ते दाबलं की शिरोरेषा फाटलेला मजकूर समोर येतो. बटण बसवलं म्हणून काम झालं, असं कुणी समजू नये.

देवनागरीत जागा द्यायची ती दुसरीकडे. शब्दांमध्ये द्यायची आणि ओळींमध्ये द्यायची. इंग्रजीपेक्षा आपल्याला ओळींत जास्त अंतर लागतं, कारण आपल्या अक्षरांना वर मजला आहे आणि खाली तळघर. वर रफार, मात्रा, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, पाय मोडलेला हलंत. इंग्रजीसाठी ठरवलेल्या अंतरात मराठी बसवली की वरच्या ओळीचा 'हू' खालच्या ओळीच्या 'र्कें'वर चढतो. मोबाइलवर तर वेलांटीचा वरचा भाग कापलाच जातो, आणि तेव्हा 'पाणी'चं 'पाणा' दिसतं. अक्षराच्या दीडपट अंतर हे मी किमान मानतो, लहान मुलांच्या मजकुरात त्याहून थोडं जास्तच.

दुसरी गोष्ट, दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्ट. छापील पानाला शिस्त दिसावी म्हणून आपण उजवी कडाही सरळ करतो. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे शब्द लांब होतात: 'विद्यार्थ्यांसाठीच्या', 'कार्यकर्त्यांबरोबरसुद्धा'. असा शब्द ओळीत मावला नाही की पूर्ण खाली उतरतो आणि वरच्या ओळीतले उरलेले चार शब्द ताणून पसरले जातात. प्रत्येक ओळीत फटी वेगळ्या. अशा फटी एकाखाली एक आल्या की पानावर पांढरे ओहोळ दिसू लागतात, आणि ओळीवर नजर ठेवायला धडपडणाऱ्या मुलाची नजर त्यात घसरते. डावी कडा सरळ आणि उजवी मोकळी सोडणं हा बिनखर्चाचा उपाय आहे. सगळ्या उपायांत मला तोच सगळ्यात प्रिय आहे, आणि संपादकांशी सगळ्यात जास्त वाद मला त्याच्यासाठीच घालावा लागतो.

एक प्रसंग सांगतो. पाचवीतल्या एका मुलीसमोर मी इतिहासाच्या धड्यातला एकच परिच्छेद दोन प्रकारे ठेवला. पहिला नेहमीसारखा: गच्च, दोन्ही कडा सरळ, पांढऱ्याशुभ्र पडद्यावर. ती एक ओळ वाचून परत त्याच ओळीवर येत होती. बोट ओळीखाली, ओठ हलतायत, 'कार्यकर्त्यांनी'वर थांबली, 'कार्य', मग 'कर', मग गप्प. दुसऱ्या वेळी अक्षर मोठं, ओळ आखूड, ओळींत अंतर, पार्श्वभूमी किंचित पिवळसर, आणि परिच्छेद दोन ठिकाणी तोडलेला. त्या शब्दावर ती तरीही थांबली. पण थांबून पुढे गेली, कारण पुढची ओळ कुठे आहे हे तिला शोधावं लागलं नाही. परिच्छेद संपल्यावर तिने मला विचारलं, "मग त्यांना तुरुंगातून सोडलं कधी?" धड्यात काय चाललंय ते तिच्यापर्यंत पोचलं होतं. मांडणीने त्या मुलीची अडचण गेली नाही आणि जाणारही नव्हती. तिच्या हातात अर्थ समजून घेण्याइतकी ताकद मात्र उरली.

उरलेलं काम कानाचं आहे. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला शब्द दिसण्याची आणि त्याच क्षणी ऐकू येण्याची मदत होते. वाचला जाणारा शब्द त्याच वेळी पडद्यावर उजळत जावा. आपल्या देशात ही कल्पना अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतल्या ब्रिज कोठारींनी १९९६च्या सुमारास वेगळ्या कारणासाठी मांडली: टीव्हीवरच्या गाण्याखाली त्याच भाषेत शब्द द्यायचे आणि गाता गाता त्यांचा रंग बदलत न्यायचा. प्रौढ नवसाक्षरांसाठी सुरू झालेली ही गोष्ट आज वाचनात अडणाऱ्या मुलाला तितकीच उपयोगी आहे. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, फुकट आहेत, आणि शब्द उजळत वाचून दाखवणारी पुस्तकंही त्यांनी केली आहेत. पालकांनी आज रात्री मुलाबरोबर उघडून बघावं.

पण आपल्याकडचा बराच मजकूर यंत्राला वाचताच येत नाही, आणि त्याचं कारण आमच्या धंद्यात आहे. नव्वदच्या दशकात डीटीपी आलं तेव्हा मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले होते. पडद्यावर 'क' दिसायचा, संगणकाच्या लेखी ते एखादं इंग्रजी अक्षर किंवा विरामचिन्ह असायचं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे, तरी कित्येक छापखाने आणि कचेऱ्या अजून जुन्या फॉन्टवरच चालतात, कारण हात बसलेला आहे आणि पेजमेकरच्या जुन्या फाइली पडलेल्या आहेत. डोळ्याने बघणाऱ्याला अशा पीडीएफमध्ये काहीच चुकलेलं दिसत नाही. त्याच फाइलवर 'वाचून दाखव' असं बटण दाबा: कानावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग येते. स्कॅन करून टाकलेल्या परिपत्रकावर तर काहीच ऐकू येत नाही. ते अक्षर नाहीच, फोटो आहे. अंध वाचक आणि डिस्लेक्सिक वाचक इथे एकाच दारावर अडतात.

याच्या पुढची गोष्ट इतकी लहान आहे की सांगताना संकोच वाटावा. संकेतस्थळाच्या प्रत्येक पानाच्या सुरुवातीला, वाचकाला न दिसणारी, भाषेची एक नोंद असते. मराठीसाठी तिथे 'एमआर' ही दोन अक्षरं टाकायची. ती बहुतेक मराठी पानांवर इंग्रजीचीच राहून जाते, कारण साचा तसा आलेला असतो. मग वाचून दाखवणारं यंत्र मराठीचा आवाज लावायचा की हिंदीचा हे अंदाजाने ठरवतं, आणि 'चमचा'मधला 'च' हिंदी ढंगाने ऐकू येतो. ही नोंद मराठीची नसल्यामुळेच कित्येकदा 'ल' आणि 'श'ची हिंदी वळणाची रूपं पडद्यावर येतात. राज्य शासनाने २००९ साली मराठीसाठी या अक्षरांची वळणं ठरवून दिली आहेत, पाठ्यपुस्तकात मूल तीच शिकतं, आणि मोबाइलवर त्याला दुसरीच दिसतात. ज्याला एकेक आकार मुश्किलीने पक्का होतो त्याच्यापुढे एकाच अक्षराचे दोन आकार ठेवण्यात काय अर्थ आहे?

पुस्तकाचं ध्वनिरूप करणं कायद्यात बसतं का, असं प्रकाशक मला नेहमी विचारतात. बसतं. २०१२ साली प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती झाली. अपंगत्वामुळे छापील पुस्तक वापरता न येणाऱ्यांसाठी, नफ्याविना, पुस्तकाचं वाचता-ऐकता येईल असं रूप करायला तेव्हापासून परवानगी घ्यावी लागत नाही. २०१३च्या मराकेश कराराने हेच जगभरासाठी केलं, आणि तो करार सगळ्यात आधी, २०१४ साली, मंजूर करणारा देश भारत होता. त्या करारात अंध व्यक्तींबरोबर वाचन-अक्षमता असलेल्यांचाही समावेश आहे. २०१६पासून 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय याच आधारावर चालतं. मी ज्या शिक्षकांशी बोलतो त्यांच्यापैकी बहुतेकांना वाटतं की ते फक्त अंधांसाठी आहे. तसं नाही. शाळेने चौकशी करावी.

मांडणी आणि आवाज झाल्यावर भाषा उरते. एका शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन अर्जावर मी वाचलेलं वाक्य असं काहीसं होतं: "सदर अर्ज विहित नमुन्यात परिपूर्ण माहितीसह विहित मुदतीत सादर न केल्यास तो विचारात घेतला जाणार नाही याची नोंद घ्यावी." सगळं वाक्य शेवटच्या 'नाही'वर टांगलेलं. तिथे पोचेपर्यंत मुलाने 'विहित' दोनदा सोडवलंय आणि तरी शेवटची तारीख कोणती ते कळलेलं नाही. हेच असं लिहिता येतं: "अर्ज १५ जूनपर्यंत भरा. सगळे रकाने भरा. उशिरा आलेला अर्ज घेतला जाणार नाही." यात कायद्याचं काही बिघडत नाही. त्याच अर्जावर वाकडी-तिकडी अक्षरं ओळखून लिहायची चौकट होती आणि ठरावीक मिनिटांत भरलं नाही तर सगळं पुसलं जात होतं. हळू वाचणाऱ्यासाठी याहून क्रूर रचना मला माहीत नाही. संकेतस्थळांच्या सुगम्यता-नियमांत वेळ वाढवून मागता यावा हा नियम जुना आहे, आणि अर्जात शिरताना वाचकाकडून अशी अक्षरकोडी सोडवून घेऊ नयेत हा २०२३चा. दोन्ही पाळायला फारसा खर्च येत नाही.

अंकांचं एक बोलायला हवं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'सत्तावीस'सोबत 'वीस सात' असं वाचन आलं, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या की जुनी नावं काढून टाकलेली नाहीत. तेव्हाची टिंगल मला आजही लागते. 'सत्तावीस' ऐकताना सात आधी येतो आणि लिहिताना दोन आधी. 'एकोणतीस' ऐकताना तीस ऐकू येतं आणि लिहायचं असतं २९. 'त्रेपन्न'मध्ये पन्नास कुठे आहे ते शोधावं लागतं. ज्या मुलाला क्रमाचीच अडचण आहे त्याला 'वीस सात' ही एक जादा वाट मिळत होती. मुख्य रस्ता कुणी बंद केला नव्हता.

आता सवलतींकडे. महाराष्ट्राने १९९६ साली दहावीच्या परीक्षेत अध्ययन-अक्षम मुलांना सवलती द्यायला सुरुवात केली, आणि त्यात तो देशात पुढे होता. शीव रुग्णालयासारख्या महापालिकेच्या रुग्णालयांतल्या तपासणी केंद्रांनी आणि मुंबईतल्या पालकांनी-तज्ज्ञांनी त्यासाठी फार कष्ट घेतले. २०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख थेट कायद्यात आला. हे सगळं हवंच आहे, तरी ते सहज मिळतंच असं नाही. २०२१ साली मुंबईतल्या एका केंद्रावर वैद्यकीय प्रवेश परीक्षेत, लिहिण्याची अक्षमता असलेल्या एका मुलीला जादा तास नाकारला गेला. तिला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, तेव्हा न्यायालयाने सांगितलं की सोय मिळण्याचा हक्क अपंगत्वाच्या ठरावीक टक्क्यांच्या वरच्यांपुरता मर्यादित नाही.

पण प्रत्येक सवलतीची वाट प्रमाणपत्रातून जाते. मुलाने आधी अडायचं, कुणाच्या तरी ते लक्षात यायचं, मग तालुक्यापासून जिल्ह्याला, जिल्ह्यापासून मोठ्या रुग्णालयाला जायचं, तारखा घ्यायच्या, मजुरी बुडवायची. गडचिरोलीतल्या किंवा अक्कलकुव्यातल्या मुलाच्या घरी हे किती वेळा जमणार? आणि घरी भिली किंवा माडिया बोलणारं मूल अडलं तर ते भाषेमुळे अडलं की डिस्लेक्सियामुळे, हे ओळखणारं माणूस जवळपास कुठे असतं? नीट लावलेलं पान प्रमाणपत्र मागत नाही. निदान न झालेल्या मुलाला, पहिल्या पिढीतल्या शिकणाऱ्याला, चष्मा विसरलेल्या आजीला आणि मराठी नव्याने शिकणाऱ्या परप्रांतीय मजुराच्या मुलीलाही ते तितकंच खुलं असतं. म्हणून माझा आग्रह आहे की सवलत मुलाला देण्याआधी ती पानाला द्या.

कायदा आता या बाजूला झुकतोय. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाहीत, त्यातला किमान भाग सक्तीचा करा. एप्रिल २०२५मध्ये ते आणखी पुढे गेलं: डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २०२३ साली नव्याने आली आहेत. तरीही मराठी लिपीच्या गरजा कुणीतरी मराठी माणसानेच लिहून काढायला हव्यात. ओळींचं अंतर, शिरोरेषा, भाषेची नोंद, जोडाक्षरं कशी दाखवायची, हे दिल्लीत किंवा जिनिव्हात बसून कुणी ठरवणार नाही. मुद्राक्षरांचं चांगलं काम मुंबईत होतं. पवईच्या आयआयटीत देवनागरीचा अभ्यास होतो, 'एक टाइप'सारख्या संस्थेने 'मुक्ता'सारखी स्वच्छ, खुली अक्षरं दिली आहेत. त्यांनी, पाठ्यपुस्तक मंडळाने आणि विशेष शिक्षकांनी एकत्र बसून चार पानांचा दस्तऐवज करावा. चार पानं पुरतील.

आणि त्याची परीक्षा मुलांकडून करून घ्यावी. आमच्याकडे पान तयार झालं की ते संपादक बघतो, विषयतज्ज्ञ बघतो, चित्रकार बघतो, आणि छापायला जातं. या सगळ्यांना वाचता येतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या चौथीच्या दहा मुलांना बोलवा. त्यांतली निदान चार तरी अडखळत वाचणारी असू द्या. पान मोठ्या संगणकावर दाखवू नका. घरात ज्या फोनवर ती अभ्यास करतात त्याच फोनवर, तडा गेलेल्या काचेवर, शाळेच्या व्हरांड्यातल्या उजेडात दाखवा. त्यांचं बोट कुठे थांबतं ते टिपा, आणि जिथे थांबतं तिथे पान बदला. त्यांचा वेळ घेतल्याबद्दल त्यांना, जसं तज्ज्ञांना देतो तसं, मानधन द्या. पुस्तकाच्या श्रेयनामावलीत त्यांच्या शाळेचं नाव छापा. येत्या वर्षी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक कार्यपुस्तिकेसाठी मी ही अट करारात घालणार आहे, आणि सभागृहात जे प्रकाशक बसले आहेत त्यांनी व्याख्यान संपल्यावर माझ्याकडून तिचा मसुदा मागून घ्यावा.